साच्यासाठी कौल

आमच्या घरात बंदुका दोन, चुली दोन आणि शहाणं माणूस एकही नाही, असं माझी आई म्हणायची. या मोजणीत ती स्वतःला धरत नसे. पेडण्यात मोप्याच्या सड्याखाली आमचं चौदा घरांचं गाव. आता त्या सड्यावर विमानं उतरतात. माझ्या माडांच्या शेंड्यांवरून एक विमान गेलं की दुसरं येतं, आणि आतली माणसं खाली बघून म्हणत असतील, किती शांत जागा आहे! त्यांना सांगायला हवं की खाली जे लांब कौलारू घर दिसतं, त्याच्या मधोमध एक भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन सख्खे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी न बोलता एकमेकांना ऐकवत राहिले. थोरले आप्पा, धाकटे माझे बाबा. सकाळी पोदेर पावाची टोपली घेऊन सायकलचा भोंगा वाजवत आला की दोन्ही दारं एकदम उघडत. आप्पांनी चार उंडे घेतले की बाबा पाच घेत. आमच्याकडे खाणारी माणसं तीन. पाचवा उंडा दुपारी दगड झालेला असे आणि तो मी पेजेत बुडवून खाई, घराण्याच्या इभ्रतीसाठी. भिंतीपलीकडून आप्पांचा सोलकढी भुरकण्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, "आयकलंस? ह्यो मनीस कढी पिता, की बावीतलां पाणी उपसता?" आणि पलीकडून काकीचा रगडा मुद्दाम जोरात फिरायला लागायचा.

आजोबांनी पोर्तुगीज असताना कुणा परतणाऱ्या साहेबाकडून दोन रायफली घेतल्या होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, जुळ्या. वाटण्या झाल्या तेव्हा एकेक भावाला एकेक गेली. परवानेही झाले. भांडी वाटली, माड वाटले, गोठ्यातली शेणाची पाटीसुद्धा वाटली. फक्त एक तांब्याची कळशी वाटता आली नाही. तिच्यात आजवर उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या, आणि कुठली पुंगळी कुणाच्या बंदुकीतून उडाली हे कुणालाच सांगता येईना. मग ती कळशी देवखोलीत ठेवली, कारण देव आणि कळशी एवढंच दोघांत सामाईक होतं.

दुसरी न वाटलेली गोष्ट म्हणजे पहिला बार. भात पोटरीला आलं की गावाची पारध निघायची. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, गाराणं घालायचं, हाकाऱ्यांनी रान हाकायचं, आणि डुक्कर पुढे आलं की पहिला बार आमच्या घरच्या थोरल्याने मारायचा. तो हुकला तरच दुसऱ्याने मारायचा. डुकराचं डोकं पहिल्या बाराच्या घरी जायचं, मग जीव कुणाच्याही गोळीने गेलेला असो. हा मान आप्पांचा. आप्पांना त्या काळात दहा पावलांवरची म्हैस दिसत नसे, पण मान दिसत असे. दरवर्षी आप्पा हवेत बार काढत, बाबा दुसऱ्या बाराला डुक्कर पाडत, आणि डोकं भिंतीपलीकडे जाई. काकी ते मसाला वाटून शिजवायची, आणि तो वास भिंतीवरून आमच्या चुलीपर्यंत यायचा. बाबा त्या दिवशी नुसती पेज जेवत. मी समोर बसून त्यांच्याकडे बघत असे. माझ्या मनात तेव्हापासून एकच होतं: एकदा तरी पहिला बार बाबांना मिळाला पाहिजे. त्यासाठी काय वाटेल ते.

माझी शाळा चौथीत सुटली. मास्तर म्हणाले मला हिशेब येत नाही, मी म्हणालो मास्तरांना येत नाही, आणि आम्ही दोघेही आपापल्या मतावर राहिलो. विसाव्या वर्षी मी डिचोलीकडे पाळी गावात एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे सगळं तांबडं. रस्ता तांबडा, झाडं तांबडी, कपडे धुतले तर पाणी तांबडं. लेथवर होते यशवंत मेस्त, म्हणजे मिस्त्री, कुडाळकडचे, बारीक, तोंडात कायम एक लवंग. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते लोखंडाला उद्देशून. दोन वर्षांनी त्यांनी माझ्या हातात लेथचं हँडल दिलं तेव्हा मला वाटलं, मास्तरांना आता बोलावून आणावं.

त्या साली नवी काडतुसं मिळेनात. पणजीच्या दुकानात परवाना दाखवला की दुकानदार हात वर करायचा. घरात बंदुकीची दारू होती, ठिणगी पाडणारे केप होते, शिशाच्या गोळ्या होत्या, कळशीभर पुंगळ्या होत्या. नव्हता तो साचा. पुंगळी एकदा उडाली की फुगते. ती पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापाला आणावी लागते, तेव्हा कुठे तिच्यात नवी गोळी बसते. आजोबांचा साचा गंजून गेला होता. मी मेस्तांना विचारलं. त्यांनी दोन पुंगळ्या हातात घेतल्या, कॅलिपर लावला, उजेडाकडे धरल्या आणि विचारलं, "बंदुको किती?"

"दोन. जुळ्यो."

"जुळ्यो नाय. ही बघ, ह्या पुंगळेची कंबर केसभर जाड. एका बंदुकीचां घर ऐसपैस, दुसरेचां तंग." लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "साचे दोन तऱ्हेचे. एक पुंगळेक आंगभर दाबता. मगे ती खंयच्याय बंदुकीत जाता, पण दर खेपेक पितळ मळता, आनी चार-पाच बारांत बुडाकडे तडकता. दुसरो नुसती मान दाबता. पितळ टिकता, गोळी सरळ जाता. पण ऐसपैस बंदुकीत फुगलेली पुंगळी तंग बंदुकीत जावची नाय. तुका खंयचो व्हयो?"

"दोनूय करुया."

"पोलाद बघलंस?" त्यांनी खडक फोडण्याच्या मशीनचा मोडका दांडा दाखवला. वीतभर उरला होता. "हेच्यात एकच बसता. घरात इचार आनी माका सांग."

आजकाल माझा नातू मोबाईलवर दाखवतो. परदेशात म्हणे डब्यात तीन-तीन साचे मिळतात, मऊ फोममध्ये झोपवलेले. कुठला घ्यावा यावर लोक तासतासभर बोलतात, टोप्या घालून. तो विचारतो, आजोबा, तुम्ही कुठला घेतला असता? मी म्हणतो, अरे, आम्ही त्यासाठी देवाला उठवला होता, तुझे हे टोपीवाले काय सांगतात! आता पारधही बंद, बरोबरच आहे कायद्याने. डुक्कर माझ्या कणगीच्या कंदांच्या वाफ्यात दिवसाढवळ्या येतं, आणि मी पंचायतीत अर्ज लिहितो. अर्जाचं उत्तर येईपर्यंत डुकराला पिल्लं होतात.

तर घरी विचारलं. बाबांची बंदूक ऐसपैस, आप्पांची तंग. बाबांनीच जास्त बार काढलेले, म्हणजे कळशीतल्या बहुतेक पुंगळ्या बाबांच्या बंदुकीत फुगलेल्या. नुसत्या मानेचा साचा केला तर आप्पांच्या वाट्याला भरलेलं काडतूस जवळजवळ येतच नव्हतं, आणि काडतूस नाही तर पहिला बार कसला? हे बाबांना कळलं, मला कळलं, आणि दुर्दैवाने आप्पांनाही कळलं. बाबा ओट्यावर बसून मोठ्याने मला म्हणाले, "मानेचो करूक सांग रे. पितळ टिकता." पलीकडच्या ओट्यावरून आप्पा काकीला म्हणाले, "आंगभराचो व्हयो म्हणान सांग गो. पितळ कोणाच्या बापाशीचां नाय." त्यांचा बापूस एकच होता हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. चार दिवस हेच. शेवटी गावाने ठरवलं, राखणदाराला कौल लावायचा.

आणि इथे मी माझं डोकं चालवलं. कौल रविवारी होता. मी शुक्रवारीच मेस्तांना सांगून टाकलं, "घरात ठरलां. मानेचो." मला खात्री होती की देव बाबांच्या बाजूने बोलणार. बाबांचा नेम देवाने वीस वर्षं बघितला होता, आप्पांचाही बघितला होता. देव आंधळा असेल तरच वेगळं काही सांगेल. मेस्तांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत साचा केला, पाणी दिलं, तेलात बुडवून कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. बाहेरून बघितलं तर नुसता गुळगुळीत पोलादी ठोकळा. आत काय आहे ते आतच. तो पिशवीत घालून मी शेवटच्या बसने घरी आलो.

रविवारी सकाळी राखणदाराच्या घुमटीपुढे सगळा गाव. काळ्या पाषाणाला पाणी लावून घाडीने दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर अंगभराचा, डावी पडली तर मानेचा. गाराणं घालायचं काम पिढ्यान् पिढ्या घाडीच्या घराण्याचं. त्याचा आवाज असा की देव बहिरा असता तरी बरा झाला असता.

"बा राखणदारा, म्हाराजा! हे दोन भाव आज तुझ्या पायाकडे इले आसत..."

"व्हय म्हाराजा!" गाव एका सुरात.

"साचो खंयचो करूचो, तां तेंका उमगणा नाय..."

"व्हय म्हाराजा!"

आप्पांनी पुढे वाकून घाडीच्या कानात काही घातलं. घाडी म्हणाला, "आनी जो कोण धाकटो थोरल्याचो मान खावक बघता, तेका तू सुबुद्धी दी, म्हाराजा!" गाव जरा अडखळला, पण व्हय म्हणाला. सवयीने. लगेच बाबांनी दुसऱ्या कानात घातलं. "आनी ज्या कोणाक म्हस दिसणा नाय, तेका दिष्ट दी, म्हाराजा!" मागे बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. घाडीने दोघांनाही डोळे वटारून मागे सारलं. मग सगळे पाकळ्यांकडे बघत उभे. एक माशी डाव्या पाकळीवर बसली. मी मनातल्या मनात त्या माशीला हवं ते कबूल केलं. माशी उडाली, आणि उजवी पाकळी पडली.

अंगभराचा.

आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. बाबांनीही जोडले, दात आवळून. मी पिशवी घरी खुंटीला सोडून आलो होतो, तरी ती खांद्यावर असल्यासारखा खांदा दुखायला लागला. त्याच वेळी बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या. फार तर एक नारळ. पण मला वाटलं, देवाची चूक झाली आहे आणि ती माझ्या हातून आधीच दुरुस्त झाली आहे. पुढच्या रविवारी मी तोच साचा कागदातून काढून देवखोलीत ठेवला आणि म्हणालो, "आंगभराचो. मेस्तान केल्यान." देवाच्या समोर म्हणालो. देव काही बोलला नाही. त्याला सांगायचं होतं ते त्याने सांगून झालं होतं.

काडतुसं भरायला दोघे भाऊ त्या वर्षी पहिल्यांदा एका जागी बसले. देवखोलीत, मध्ये कळशी. आप्पा पुंगळी काढून देत, बाबा साच्यात घालून लाकडी हातोड्याने ठोकत, मी केप बसवत असे. बोलणं नाहीच, पण ठोकण्याला एक ताल आला होता. काकीने भिंतीपलीकडून चहा पाठवला, आईने अलीकडून तवसाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, गोड धोंडस. दोघींनी एकमेकींच्या पदार्थाला नावं ठेवली आणि दोन्ही ताटं रिकामी झाली. काडतुसं भरून झाल्यावर अर्धी-अर्धी वाटली. बाबा म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही असे, "एकदा बंदुकीत घालून बघूक व्हयी. बसतत की नाय."

आप्पांनी मान झटकली. "देवान सांगलां तां परत तपासूचां? उद्या देवाक इचार, तू देव मां म्हणान!"

दाराशी घाडी उभा होता. तोही म्हणाला, "कौल घेतल्यार खातरी करूची नाय. तो अपमान जाता."

बाबांनी आपली काडतुसं पिशवीत भरली. घराण्यात सावधपणाचा जो काय साठा होता, तो त्या एका वाक्यात संपला. आणि मी केपांची डबी मिटत बसलो. घालून बघितलं असतं तर तिथेच सगळं बाहेर पडलं असतं. मला देवाचा अपमान होण्याची एवढी काळजी त्याआधी कधी वाटली नव्हती.

पारधीच्या दिवशी आप्पा ओढ्याच्या तोंडाशी उभे राहिले, बाबा त्यांच्यापासून तीस पावलांवर, वरच्या अंगाला. मी बाबांच्या मागे. डबे वाजायला लागले, कुत्री भुंकायला लागली, आणि घाणेरीच्या जाळीतून डुक्कर सरळ आप्पांच्या अंगावर आलं. दांडगं, चिखलाने माखलेलं. आप्पांना तेवढं मोठं दिसलं. त्यांनी काडतूस घातलं, बोल्ट पुढे ढकलला. तो अर्ध्यावर अडला. मागे घेतला, पुन्हा ढकलला. पुन्हा अडला. तळहाताने ठोकला. मला अजून तो आवाज येतो, लोखंडावर तळहात. बाबा ओरडले, "आप्पा, बाजूक सर!" तीस वर्षांत बाबांनी त्यांना थेट मारलेली ती पहिली हाक. आप्पा सरले नाहीत. मान होता ना! डुकराने मांडी उभी फाडली आणि ते पुढे गेलं, तेव्हा बाबांची गोळी त्याच्या कानामागे लागली. पहिला बार. बाबांचा.

आप्पांना निसणीवर, म्हणजे शिडीवर, घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने दवाखान्यात. जीव वाचला, पण पाय कायमचा आखूड. इकडे बाबांनी आप्पांची बंदूक उचलली. अडकलेलं काडतूस काढलं, चार बोटांत फिरवलं, आणि आपल्या बंदुकीत सरकवलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बोल्ट मिटला. बाबांनी तो परत उघडला, काडतूस काढून खिशात घातलं, आणि माझ्याकडे बघितलं. 

संध्याकाळी डोकं आमच्या दारात आलं. आईने किती वर्षं त्याची वाट बघितली होती! पण तिने मसाला वाटला नाही. केळीच्या पानावर ते डोकं तसंच पडून राहिलं. भिंतीपलीकडे रगडा बंद होता. बाबांनी विचारलं, "मेस्ताक काय सांगलंस?"

"आंगभराचो. मेस्त चुकलो आसतलो."

"मेस्त चुकलो." बाबांनी एवढंच म्हटलं. "बरां. सकाळी तेका इचारुया."

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून पाळी. तीन बसगाड्या. त्या वाटेवर मला खरं बोलायला निदान साठ जागा होत्या, आणि प्रत्येक थांब्यावर मी ठरवत होतो की पुढच्या थांब्यावर. बाबा खिडकीशी बसून होते, साचा मांडीवर. वर्कशॉपमध्ये मेस्तांनी लेथ बंद केला. बाबांनी हात जोडले, त्यांना झालं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ह्यो माजो झील म्हणता, तुमच्याकडसून चूक झाली."

मेस्तांनी माझ्याकडे बघितलं. मी बघत होतो जमिनीवरच्या लोखंडाच्या किसाकडे.  मग मेस्त म्हणाले, "व्हय. माजी चूक."

 बाबांचा त्यावर विश्वास बसला नाही, हे तिघांनाही कळत होतं. "तुमी म्हणतास तर तसां," ते म्हणाले, साचा मेजावर ठेवला आणि रस्त्याकडे चालू लागले.

मेस्तांनी साचा शिकंज्यात धरला. खणातून त्यांच्या नावाचा पंच काढला, दोन अक्षरांचा. प्रत्येक मेस्ताचा असतो. आपण केलेल्या वस्तूवर मारायचा, लोकांना कळावं म्हणून. या साच्यावर मारायचा राहून गेला होता. त्यांनी पंच ठेवला आणि एक घाव घातला. "हां. आता माजो झालो." साचा माझ्या हातात दिला. "घेवन जा. बत्तीस वर्सां झाली ह्या कामाक. एक वस्तू चुकलेली म्हणान सांगूक तरी गावली." आणि लेथ चालू केला. एक शिवी दिली असती तर मी ती घेऊन जन्मभर सुखाने जगलो असतो.

मी धावलो. बाबा बसच्या पायरीवर होते. "बाबा, मेस्त नाय. मीच सांगलंय. कौलाच्या आदीच."

"ठावक आसा," बाबा म्हणाले. "माका सांगान काय फायदो? गाडीत चड."

चार दिवसांनी आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं. ते अंथरुणावर होते, पाय उशीवर. भिंतीपलीकडे मी कितीतरी वर्षांनी पाऊल ठेवलं होतं. काकी दारात उभी. मी सगळं सांगितलं, शुक्रवारपासून. वाटलं, आता काठी येईल.  पण आप्पांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे," ते म्हणाले, "देव चुकलो नाय?"

"नाय."

"देवान माका बरोबर सांगला होता?"

"व्हय."

"गो आयकलंस?" ते काकीला ओरडले. "देव माज्याच बाजून आसलो!" चार दिवस या माणसाला मांडीचं दुःख नव्हतंच. देवाने आपल्याला खोटा कौल देऊन डुकरापुढे उभं केलं, हे दुःख होतं. ते मी काढून घेतलं. त्यांनी मला मिठी मारली आणि तिथेच फर्मान काढलं, की येत्या रविवारी घुमटीपुढे सगळ्या गावासमोर मी हे बोलायचं, मोठ्याने. बोललो. मेस्त चुकले नाहीत हे तीनदा म्हणालो. कुणाला त्यात रस नव्हता, पण म्हणालो. गावाने माझ्याकडून एक नारळ घेतला आणि निकाल दिला. कौल खरा होता, म्हणजे थोरल्याचा मान खरा. बाबांचा तो बार फसवणुकीतून आलेला, म्हणून तो पहिला धरायचा नाही. पहिला बार आप्पांचा, ते असेपर्यंत. मी बाबांना जे द्यायला गेलो होतो, ते माझ्याच तोंडाने परत काढून दिलं.

सोमवारी मी कामावर गेलो आणि मेस्तांना सांगितलं की गावात बोलून आलो. त्यांनी मान हलवली. "बरां केलंस." पण लेथचं हँडल त्यांनी मला परत दिलं नाही. सहा महिने मी झाडू मारला. सातव्या महिन्यात एका सकाळी ते न बोलता बाजूला सरले.

साच्याचं काय? पोलाद संपलं होतं, दुसरा झालाच नाही. मग एका दुपारी दोघे भाऊ कळशी पुढे घेऊन बसले आणि एकेक पुंगळी दोन्ही बंदुकींत घालून बघितली. आप्पांच्यात जातील त्या आप्पांच्या, उरल्या त्या बाबांच्या. पेज थंड व्हायच्या आत वाटणी झाली. ज्याला एक दुपार पुरली असती, त्याला आमच्याकडे एक देव, एक मेस्त आणि आप्पांची मांडी लागली.

पुढच्या पारधीला आप्पांना कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून चौघांनी ओढ्यापर्यंत नेलं. त्यांनी बार काढला, तो सड्याच्या दिशेने गेला. बाबांनी डुक्कर पाडलं. डोकं भिंतीपलीकडे. घरी येताना मी विचारलं, "बाबा, वाईट नाय वाटला?"

बाबा म्हणाले, "पयलो हुकतलो, ह्या सगळ्या गावाक ठावक आसा. दुसरो हुकाचो नाय, ह्याय ठावक आसा. आनी काय व्हया?"

ते मोठे होते, त्यांना पुरलं. मला पुरलं नाही. आप्पा गेले, बाबा गेले, मेस्त गेले, बंदुका पोलिसांकडे जमा झाल्या. मी खोटं बोललो, ते चुकलं. मेस्तांवर घातलं, ते त्याहून चुकलं. हे मी गावासमोर कबूल केलं आहे आणि इथेही करतो. पण साचा मी निवडला तोच बरोबर होता. त्या पुंगळ्या बाबांनी पुढे किती वर्षं वापरल्या, आणि त्यातली एकही तडकली नाही. अंगभराचा असता तर चार-पाच पारधींत कळशी रिकामी झाली असती. देवाला पितळातलं काय कळतं?